कर्नलमधील स्ट्रिंग बफर ओव्हरफ्लो दुरुस्त करताना : रिपोर्ट वाचण्यापासून पॅच पाठवण्यापर्यंत

सी भाषेतल्या स्ट्रिंगला स्वतःची लांबी माहीत नसते आणि ती ज्या बफरमध्ये ठेवायची त्या बफरलाही स्वतःचा आकार सांगता येत नाही. शेवटी असलेला शून्य बाइट दिसेपर्यंत पुढे जात राहायचे, एवढाच संकेत दोघांमध्ये असतो. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममध्ये हा संकेत मोडला तर बहुधा तो एकच प्रोग्रॅम कोसळतो. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मात्र सगळा कोड एकाच पत्त्यांच्या अवकाशात आणि सर्वोच्च अधिकाराने चालतो, त्यामुळे एका ड्रायव्हरने ओलांडलेली सीमा दुसऱ्याच उपप्रणालीच्या माहितीत घुसते आणि कित्येकदा तिथली पडझड बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी दिसते.

असा दोष दिसला की ‘स्ट्रकॉपी काढा आणि मर्यादा घेणारे फंक्शन घाला’ हा सल्ला लगेच मिळतो; स्ट्रकॉपी म्हणजे लांबीची मर्यादा न पाहता स्ट्रिंगची नक्कल करणारे फंक्शन. तो चूक नाही, पण अपुरा आहे. प्रत्येक ओव्हरफ्लोच्या मुळाशी मूळ लेखकाने न घेतलेले दोन निर्णय असतात : या स्ट्रिंगच्या लांबीची हमी कोण देतो, आणि ती मावली नाही तर काय करायचे. फंक्शन बदलून हे निर्णय आपोआप होत नाहीत. ते नकळत फंक्शनवर सोपवले जातात एवढेच. म्हणून पुढील मांडणीत फंक्शनची निवड मुद्दाम उशिरा येते. सर्व तपशील लिनक्स कर्नलचे आहेत आणि फंक्शनांची व साधनांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

हाताशी धरायचे उदाहरण

एका ड्रायव्हरमध्ये उपकरणाची माहिती ठेवणारे एक स्ट्रक्चर आहे असे समजू. त्यात आरंभी चार-चार बाइटांचे दोन पूर्णांक, त्यानंतर १६ बाइटांचे लेबल आणि शेवटी आठ बाइटांचा एक फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचा पत्ता, आहे. ६४-बिट यंत्रावर हे स्ट्रक्चर बरोबर ३२ बाइटांचे होते आणि त्यासाठीची जागा केमॅलॉक या कर्नलच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनने घेतलेली आहे. लेबल बदलण्याची विनंती आयओसीटीएलमधून, म्हणजे प्रोग्रॅमने उपकरणाला आज्ञा देण्याच्या सिस्टिम कॉलमधून, येते. ड्रायव्हर स्ट्रएनडप-यूजर हे फंक्शन वापरून वापरकर्त्याची स्ट्रिंग कर्नलमध्ये आणतो, पण कमाल लांबी म्हणून पानाचा आकार, म्हणजे ४०९६ बाइट देतो. मग ती स्ट्रिंग ‘लेबल लावा’ अशा अर्थाच्या एका छोट्या सहायक फंक्शनकडे जाते आणि तिथे स्ट्रकॉपी होते.

२० अक्षरांचे इंग्रजी लेबल आले तर शून्य बाइट धरून २१ बाइट लिहिले जातील. त्यातले पहिले १६ लेबलमध्ये बसतील आणि उरलेले पाच फंक्शन पॉइंटरवर पडतील. पुढच्या वेळी त्या पॉइंटरमधून फंक्शन बोलावले की कर्नल कोसळेल, आणि लेबल देणारा दुष्ट हेतूचा असेल तर तो कुठे उडी मारायची हे सुचवू शकेल. १६ अक्षरांचे लेबल हे याहून फसवे प्रकरण आहे. अशा वेळी फक्त शून्य बाइट सीमेबाहेर जातो आणि लिटल-एन्डियन (सर्वांत खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या) यंत्रावर तो पॉइंटरच्या सर्वांत खालच्या बाइटवर पडतो. एक्स८६-६४ वर फंक्शने सहसा १६ बाइटांवर संरेखित असतात. म्हणून साधारण १६ पैकी एका फंक्शनच्या पत्त्याचा खालचा बाइट मुळातच शून्य असतो. तसे असेल तर दोष घडूनही काहीच बिघडत नाही, आणि ‘आमच्याकडे तर नीट चालते’ असे प्रामाणिकपणे सांगणारा कोणीतरी नक्की भेटतो.

रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही

दोषाची बातमी बहुधा तीनपैकी एका साधनाकडून येते, आणि प्रत्येकाची नजर वेगळ्या जागी असते.

कासान हे मेमरीचा गैरवापर पकडणारे साधन २०१५ मध्ये लिनक्स ४.० बरोबर कर्नलमध्ये आले. त्याच्या सर्वसाधारण प्रकारात मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक छाया-बाइट राखलेला असतो, म्हणजे मेमरीचा एक-अष्टमांश भाग यातच जातो. छाया-बाइट शून्य असेल तर आठही बाइट वापरण्यायोग्य असतात. एक ते सात यांपैकी आकडा असेल तर सुरुवातीचे तेवढेच बाइट वैध असतात. आणि केमॅलॉकच्या तुकड्यानंतरच्या निषिद्ध पट्ट्यासाठी ‘एफसी’ हे मूल्य दिसते. रिपोर्टमध्ये सर्वांत आधी पाहायच्या गोष्टी तीन आहेत : लेखन होते की वाचन, किती बाइटांचे होते, आणि मूळ तुकड्याच्या शेवटापासून किती अंतरावर होते. ‘३२ बाइटांच्या प्रदेशाच्या उजवीकडे शून्य बाइटांवर एका बाइटाचे लेखन’ असे दिसले तर ती बहुतेक वेळा समाप्तीच्या शून्य बाइटाची जागा मोजायची राहिल्याची खूण असते. मोठ्या अंतरावरचे लेखन असेल तर मर्यादाच नसण्याची किंवा वजाबाकी उलटल्याची शक्यता अधिक.

आता आपल्या उदाहरणाकडे पाहा. २० अक्षरांच्या लेबलाने फंक्शन पॉइंटर नासवला, तरी कासान गप्प राहते, कारण ते संपूर्ण ३२ बाइटांचा तुकडा एकच वस्तू मानते आणि तुकड्याच्या आत एका सदस्यातून दुसऱ्यात झालेली गळती त्याला दिसत नाही. लेबल २४ अक्षरांचे झाले की २५ वा बाइट स्ट्रक्चरबाहेर पडतो आणि तेव्हाच रिपोर्ट येतो. म्हणूनच २४ अक्षरांपासून पुढे दोष आहे असा निष्कर्ष केवळ कासानच्या रिपोर्टवरून काढला, तर दुरुस्ती चुकीच्या आकड्यावर होईल. ही चूक वाटते त्यापेक्षा सहज होते.

आतली गळती पकडण्याचे काम फॉर्टिफाय सोर्स करते. हा पर्याय २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ मध्ये आला. कंपायलरला गंतव्य बफरचा आकार माहीत असेल, तर स्ट्रिंग कुटुंबातील फंक्शने तो आकार आणि लिहायची लांबी यांची तुलना करतात. कंपाइल करतानाच उत्तर कळले तर बिल्ड थांबते, नाहीतर चालू असताना ‘बफर ओव्हरफ्लो आढळला’ असा संदेश देऊन कर्नल ती कृती तोडून टाकते. स्ट्रिंग फंक्शनांसाठी ते स्ट्रक्चरच्या नेमक्या सदस्याचा आकार पाहते, त्यामुळे १६ अक्षरांचे लेबलही त्याला सापडायला हवे. पण आपल्या सहायक फंक्शनला केवळ साधा कॅरेक्टर पॉइंटर दिला असेल आणि कंपायलरने ते फंक्शन जागच्या जागी उलगडले नसेल, तर आकाराची माहिती वाटेतच हरवते आणि तपासणी होतच नाही. स्ट्रक्चरच्या शेवटी असलेल्या निश्चित आकाराच्या अ‍ॅरेला कंपायलर पूर्वी लवचिक अ‍ॅरे समजत असल्याने तिथेही ही तपासणी लंगडी पडत असे. त्यावरचा कडक पर्याय लिनक्स ६.५ पासून लागू झाला.

तिसरे साधन म्हणजे स्टॅक प्रोटेक्टर. फंक्शनच्या स्टॅक-फ्रेममध्ये ठेवलेले गुप्त मूल्य परतताना बदललेले दिसले तर ते ‘कर्नल स्टॅक खराब झाला’ असे सांगून पॅनिक करते, म्हणजे संपूर्ण कर्नल थांबवते. त्या संदेशात येणारे फंक्शनचे नाव खरे असले तरी नेमकी कोणती ओळ दोषी आहे हे तो सांगत नाही, कारण तपासणी परतीच्या वेळी होते.

कॉल ट्रेसमधील ‘फंक्शन अधिक ऑफसेट’ या स्वरूपातील नोंदी कोडच्या ओळींत बदलण्यासाठी कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये एफअ‍ॅडर-टू-लाइन आणि डीकोड-स्टॅकट्रेस ही दोन साधने आहेत. त्यांना डीबग माहितीसह बनवलेले तेच कर्नल लागते ज्यावर दोष घडला. एखादा पर्याय बदलून पुन्हा बिल्ड केले तरी ऑफसेट सरकतात आणि साधन निर्धास्तपणे चुकीची ओळ दाखवते.

दोष हवा तेव्हा घडवता येईल अशी व्यवस्था

दुरुस्ती लिहिण्याआधी दोष स्वतःच्या हाताने घडवून पाहावा. क्यूइएमयूवर चालणारे आभासी यंत्र घ्यावे, त्यात कासान, फॉर्टिफाय सोर्स आणि यूबीसॅनची अ‍ॅरे-सीमा तपासणी असे सगळे चालू केलेले कर्नल बसवावे आणि वापरकर्ता स्तरावरचा एक लहान प्रोग्रॅम लिहून वाढत्या लांबीची लेबले द्यावीत. शून्य, १४, १५, १६, १७, २३, २४ आणि ४०९५ ही लांबींची यादी आपल्या उदाहरणासाठी पुरेशी आहे. कोणत्या लांबीला कोणते साधन बोलते याची नोंद ठेवली की वरचा सगळा भाग डोळ्यांसमोर घडतो आणि पुढे पॅचच्या वर्णनातही ती नोंद कामी येते. उपकरण खरेच हवे असेल आणि ते आभासी यंत्रात मिळत नसेल, तर सहायक फंक्शनपुरती केयूनिट (कर्नलच्या युनिट-चाचणी चौकटीतली) चाचणी लिहिणे हा उत्तम दुय्यम मार्ग आहे.

लांबीची हमी कोण देतो

आता स्ट्रिंगचा उगमापर्यंत माग काढायचा. इथे घाई करू नये, कारण दुरुस्तीचा दर्जा याच टप्प्यावर ठरतो. सहायक फंक्शनला कोण कोण बोलावते ते सर्व पाहावे. आपल्या उदाहरणात आयओसीटीएल हा एक मार्ग असेल, पण उपकरण सुरू होताना डिव्हाइस ट्रीमधून (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या माहितीतून) किंवा फर्मवेअरमधून आलेले नावही त्याच फंक्शनमध्ये जात असेल. फक्त आयओसीटीएलमध्ये तपासणी घातली तर दुसरे दार उघडे राहते. फक्त सहायक फंक्शनमध्ये घातली तर वापरकर्त्याला नेमकी त्रुटी कळवण्याची संधी जाते. माझ्या मते दोन्ही ठिकाणी काम करावे : सीमेवर नकार द्यावा आणि जिथे प्रत्यक्ष लेखन होते तिथे आकाराची मर्यादा बांधावी. ही पुनरुक्ती नाही, कारण पहिली तपासणी धोरण सांगते आणि दुसरी मेमरी राखते.

गंतव्याचा आकार शोधताना आकार सांगणाऱ्या साइझऑफ या ऑपरेटरचा सापळा लक्षात ठेवावा. अ‍ॅरेवर साइझऑफ लावले तर १६ मिळतात. तोच अ‍ॅरे फंक्शनला पॅरामीटर म्हणून दिला की तो पॉइंटर होतो आणि साइझऑफ आठ सांगते. घोषणेत चौकटी कंसात १६ लिहिलेले असले तरी पॅरामीटर पॉइंटरच राहतो. म्हणून सहायक फंक्शनला कॅरेक्टर पॉइंटरऐवजी संपूर्ण स्ट्रक्चरचा पॉइंटर देण्यासारखी साधी फेररचना पुष्कळदा सगळ्यांत उपयोगी ठरते, कारण मग आकार कंपायलरलाही दिसतो आणि वाचणाऱ्यालाही.

वापरकर्त्याच्या मेमरीतून येणाऱ्या स्ट्रिंगच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आधी लांबी मोजली, ती चालेल असे ठरवले आणि मग नक्कल केली, तर या दोन कृतींच्या मधल्या वेळात त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड ती स्ट्रिंग बदलू शकतो. मोजलेली स्ट्रिंग आणि आणलेली स्ट्रिंग एकच असेल याची कसलीही हमी नसते. स्ट्रएनडप-यूजर हे फंक्शन आतून हेच दोन टप्पे करते, पण नक्कल झाल्यावर शेवटचा बाइट स्वतः शून्य करते, त्यामुळे मधल्या वेळेत काहीही झाले तरी कर्नलमधील प्रत नीट संपलेलीच असते. स्वतःच्या हाताने असा कोड लिहिलेला आढळला तर तो काढून हे तयार फंक्शन वापरणेच बरे.

जागा न घेता थेट स्थानिक अ‍ॅरेमध्ये आणायचे असेल तर स्ट्रएनकॉपी-फ्रॉम-यूजर आहे. ते यशस्वी झाल्यास शून्य बाइट वगळून लांबी परत देते, आणि दिलेल्या मर्यादेत शून्य बाइट सापडलाच नाही तर मर्यादेइतकाच आकडा परत देते. त्या स्थितीत गंतव्यात समाप्ती नसते. म्हणजे परत आलेले मूल्य ऋण आहे का एवढेच पाहणे पुरेसे नाही. ते मर्यादेइतके आहे का हेही तपासावे लागते. याच जागी ‘सरळ १६ बाइट कॉपी-फ्रॉम-यूजरने उचलू’ असा मोह होतो. तो टाळावा : पाच अक्षरांची वैध स्ट्रिंग वापरकर्त्याच्या पानाच्या अगदी शेवटी असेल आणि पुढचे पान अस्तित्वात नसेल, तर १६ बाइट उचलण्याचा प्रयत्न ईफॉल्ट ही ‘चुकीचा पत्ता’ अशी त्रुटी देईल आणि आजवर चालणारा प्रोग्रॅम बंद पडेल. शिवाय वापरकर्त्याच्या मेमरीला हात लावणारी ही फंक्शने झोपू शकतात, म्हणजे वाट पाहत थांबू शकतात, म्हणून स्पिनलॉक (जो धरून झोपण्यास मनाई असते असा लॉक) धरलेला असताना ती बोलावू नयेत. आधी स्थानिक प्रत घ्यावी, मग लॉक धरून ती स्ट्रक्चरमध्ये ठेवावी.

मावली नाही तर काय

पर्याय तीनच आहेत : नाकारणे, तोडून ठेवणे किंवा हवी तेवढी जागा घेणे. कर्नलमध्येच याची बोलकी जोडी आहे. प्रक्रियेचे नाव आणि नेटवर्क इंटरफेसचे नाव, दोन्हींसाठी शून्य बाइट धरून १६ बाइट ठरलेले आहेत. प्रक्रियेचे नाव पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलने लांब दिले तर ते गुपचूप तोडले जाते. इंटरफेसचे नाव लांब असेल तर ते अवैध ठरवून नाकारले जाते. कारण उघड आहे. प्रक्रियेचे नाव माणसाने वाचायचे असते, तर इंटरफेसच्या नावावरून उपकरण ओळखले जाते, आणि दोन लांब नावे तोडल्यावर एकसारखी झाली तर वेगळाच गोंधळ उभा राहील. जे नाव शोधण्यासाठी, परवानगी तपासण्यासाठी किंवा मार्ग ठरवण्यासाठी वापरले जाते ते कधीही तोडू नये. आपल्या उदाहरणातील लेबल उपकरण ओळखण्यासाठी वापरले जात असेल, तर ईइनव्हॅल ही ‘अवैध मूल्य’ अशी त्रुटी देऊन नाकारणे योग्य.

तोडायचे ठरवले तर बाइटांवर तोडले जाते, अक्षरांवर नाही, हे देवनागरी वापरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. १६ बाइटांच्या क्षेत्रात शून्य बाइट सोडून अशी पाचच चिन्हे बसतात, आणि मध्ये एखादा इंग्रजी अंक आला तर शेवटचे चिन्ह अर्धवट तुटून अवैध बाइट मागे उरतात.

अ‍ॅरे १६ वरून ६४ करणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने सीमा पुढे सरकते, दोष राहतोच. आणि ते स्ट्रक्चर वापरकर्ता स्तराशी किंवा डिस्कवरील रचनेशी जोडलेले असेल तर सुसंगतताही मोडते. स्टॅकवर मोठा बफर घेण्याचा मार्गही फारसा उपयोगाचा नाही, कारण एक्स८६-६४ वर कर्नलचा स्टॅक १६ किलोबाइटांचा असतो आणि ६४-बिट बिल्डमध्ये एका फंक्शनची फ्रेम २०४८ बाइटांच्या पुढे गेली की कंपायलर सहसा इशारा देतो.

आता फंक्शन

स्ट्रकॉपीला गंतव्याचा आकार ठाऊक नसतो, तो विषय तिथेच संपतो. स्ट्रएनकॉपी मर्यादा घेते म्हणून सुरक्षित वाटते, पण तिच्यात दोन वैशिष्ट्ये एकत्र आहेत : स्रोत मर्यादेइतका किंवा त्याहून लांब असेल तर ती शून्य बाइट लावत नाही, आणि स्रोत लहान असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरते. पहिल्यामुळे पुढच्या वाचनात ओव्हरफ्लो होतो. दुसऱ्यावर कोणी अवलंबून आहे का हे बहुतेक जण पाहतच नाहीत. स्ट्रएलकॉपी नेहमी समाप्ती लावत असे, पण परत देताना स्रोताची पूर्ण लांबी देई. त्यासाठी तिला स्रोत शेवटपर्यंत वाचावा लागे, आणि स्रोतालाच शून्य बाइट नसेल तर वाचनच सीमेबाहेर जाई. २०२४ मध्ये लिनक्स ६.८ मधून ती काढून टाकण्यात आली.

२०१५ मध्ये लिनक्स ४.३ बरोबर आलेली स्ट्रएसकॉपी आज बहुतेक ठिकाणी योग्य ठरते. ती शून्य नसलेल्या आकारासाठी नेहमी समाप्ती लावते, मर्यादेपलीकडचा स्रोत मोजत बसत नाही, आणि स्ट्रिंग मावली तर नकललेली लांबी, नाहीतर ऋण ईटूबिग (‘फार मोठे’ अशी त्रुटी) परत देते. हे परतीचे मूल्य साइझ-टीसारख्या चिन्हरहित चलात ठेवले तर ऋण आकडा प्रचंड धन आकडा होतो. ते चिन्हसहित चलातच घ्यावे. अलीकडच्या आवृत्त्यांत गंतव्य अ‍ॅरे असेल तर आकार न देता दोनच पॅरामीटरांनी तिला बोलावता येते, आणि चुकून पॉइंटर दिला तर कंपाइल होत नाही. साइझऑफच्या सापळ्यावर यापेक्षा चांगला उपाय मला ठाऊक नाही.

पण स्ट्रएनकॉपीच्या जागी डोळे मिटून स्ट्रएसकॉपी घातली की शून्यांनी भरण्याचे काम बंद होते. ते स्ट्रक्चर नंतर जसेच्या तसे वापरकर्त्याकडे पाठवले जात असेल, तर लेबलनंतरच्या न भरलेल्या बाइटांत कर्नलच्या मेमरीतील जुना मजकूर बाहेर जातो. म्हणजे एक दोष मिटवताना माहितीगळतीचा दुसरा दोष तयार होतो. अशा ठिकाणी लिनक्स ५.२ पासून उपलब्ध असलेली, उरलेली जागा शून्यांनी भरणारी स्ट्रएसकॉपी-पॅड वापरावी. आपल्या उदाहरणात मी तीच निवडीन, कारण आयओसीटीएलचे वाचन-उत्तर कधीतरी संपूर्ण स्ट्रक्चरची नक्कल करील अशी शक्यता नेहमीच असते आणि १६ बाइट भरण्याची किंमत नगण्य आहे.

काही क्षेत्रे मुळात स्ट्रिंग नसतातच. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमच्या सुपरब्लॉकमधील (मुख्य नोंदीतील) व्हॉल्यूमचे नाव १६ बाइटांचे असते आणि सोळाही बाइट भरलेले असतील तर शेवटी शून्य बाइट नसतो. अशा क्षेत्रात स्ट्रएसकॉपी वापरली तर सोळावे अक्षर कापले जाईल आणि डिस्कवरील स्वरूपाशी विसंगती येईल. इथे समाप्तीचा शून्य बाइट न लावता फक्त उरलेली जागा भरणारी स्ट्र-टू-मेम-पॅड योग्य. त्या सदस्यावर ‘नॉन-स्ट्रिंग’ हे गुणचिन्ह लावले की कंपायलरही समजून घेतो. छापताना मात्र फॉरमॅटमध्ये कमाल १६ अशी मर्यादा द्यायला विसरू नये.

एकंदर, आपल्या ड्रायव्हरमधील प्रत्यक्ष बदल छोटाच होतो. स्ट्रएनडप-यूजरला दिलेली कमाल लांबी ४०९६ ऐवजी लेबलचा साइझऑफ होते. ते फंक्शन शून्य बाइट धरून लांबी मोजते, त्यामुळे १५ अक्षरे स्वीकारली जातात आणि सोळाव्यापासून ईइनव्हॅल मिळते. सहायक फंक्शन स्ट्रक्चरचा पॉइंटर घेते, त्यात स्ट्रकॉपीच्या जागी स्ट्रएसकॉपी-पॅड येते, आणि फर्मवेअरकडून लांब नाव आल्यास परतीचे ऋण मूल्य पाहून इशारा नोंदवला जातो.

तुकडे जोडत जाणारा कोड

एकाच बफरमध्ये तुकड्यातुकड्याने मजकूर भरणाऱ्या कोडचे दोष वेगळ्या जातीचे असतात. एसएनप्रिंटएफ प्रत्यक्षात किती लिहिले ते सांगत नाही. जागा असती तर किती लिहिले असते ते सांगते. तो आकडा एकूण लांबीत मिळवत गेले की बफर भरल्यावर लांबी बफरच्या आकाराला ओलांडते आणि पुढच्या फेरीतील ‘आकार वजा लांबी’ ही चिन्हरहित वजाबाकी प्रचंड संख्या देते. कर्नलमधील छपाईचे फंक्शन इतका मोठा आकार दिसला तर इशारा देऊन शून्य परत देते, म्हणून लेखन बहुधा वाचते. पण फुगलेली लांबी तशीच राहते, आणि तीच लांबी वापरकर्त्याकडे नक्कल करताना दिली तर बफरपलीकडची मेमरी बाहेर जाते. एससीएनप्रिंटएफ प्रत्यक्ष लिहिलेली संख्या देते, त्यामुळे लांबीचे हे फुगणे थांबते. सिसएफएसच्या (कर्नलची माहिती फाइलरूपात मांडणाऱ्या व्यवस्थेच्या) फाइल दाखवणाऱ्या फंक्शनांसाठी लिनक्स ५.१० पासून सिसएफएस-एमिट आणि सिसएफएस-एमिट-अ‍ॅट आहेत. त्यांना पानाची मर्यादा ठाऊक असते. मजकूर तुटला का हे शेवटी एकदाच विचारायचे असेल तर सेक-बफ ही सुविधा पाहावी.

वजाबाकीचा हा धोका किती खरा आहे हे सीव्हीई-२०२२-०१८५ या क्रमांकाने नोंदलेल्या सुरक्षा दोषात दिसते. फाइल सिस्टिम माउंट करताना जुन्या पद्धतीचे पर्याय स्वल्पविरामाने जोडून एका पानात ठेवणाऱ्या फंक्शनमध्ये तपासणी होती, हे महत्त्वाचे. नवी लांबी ‘पानाचा आकार वजा दोन वजा आतापर्यंतची लांबी’ यापेक्षा मोठी असेल तर नकार द्यायचा, असे तिचे रूप होते. आतापर्यंतची लांबी ४०९४ च्या पुढे गेली की उजवी बाजू ऋण होण्याऐवजी प्रचंड होई आणि कोणतीही लांबी तपासणीतून पार होई. हा दोष लिनक्स ५.१ पासून होता आणि जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्त झाला. यूजर नेमस्पेस, म्हणजे वापरकर्त्याचे स्वतंत्र अधिकारक्षेत्र, तयार करू देणाऱ्या यंत्रणांवर साध्या वापरकर्त्यालाही तो गाठता येत होता. दुरुस्ती एका ओळीची होती : वजाबाकी काढून ‘आतापर्यंतची लांबी अधिक नवी लांबी अधिक दोन’ ही बेरीज पानाच्या आकाराशी ताडली. चिन्हरहित संख्यांच्या तपासणीत वजाबाकी दिसली की थांबून तिची बेरीज करता येते का ते पाहावे. बेरीजही उलटू शकते, पण लांबी आधीच काही हजारांत मर्यादित असेल तर तो धोका उरत नाही. ती मर्यादा नसेल तर ओव्हरफ्लो तपासून बेरीज करणारे चेक-अ‍ॅड-ओव्हरफ्लो वापरावे.

पडताळणी

दुरुस्तीनंतर तीच लांबींची यादी पुन्हा चालवावी. १५ पर्यंत यश आणि १६ पासून ईइनव्हॅल मिळाले पाहिजे, आणि नाकारलेल्या प्रत्येक वेळी जुने लेबल अबाधित राहिले पाहिजे. हा शेवटचा भाग तपासायचा राहून जातो. त्यात तीन चाचण्या वाढवाव्यात : पानाच्या शेवटच्या बाइटवर संपणारी लहान वैध स्ट्रिंग, शून्य बाइटाविना न जोडलेल्या पानात शिरणारी लहान स्ट्रिंग, आणि एक थ्रेड लेबल बदलत असताना दुसऱ्याने केलेली विनंती. लेबल परत वाचून त्यानंतरचे सर्व बाइट शून्य आहेत का हेही पाहावे. त्यानंतर त्याच ड्रायव्हरमध्ये याच साच्याचे भाऊबंद शोधावेत. साधा शोध पुरतो. साचा गुंतागुंतीचा असेल तर कॉक्सिनेल हे कोडमधील साचे शोधणारे साधन वापरावे. जे सापडेल ते वेगळ्या पॅचमध्ये ठेवावे.

पॅच

दुरुस्तीच्या पॅचमध्ये साफसफाई मिसळू नये, कारण तो जुन्या स्थिर शाखांवर (केवळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आधीच्या आवृत्त्यांवर) न्यायचा असतो. वर्णनात स्ट्रिंग कुठून येते, किती बाइट कोणत्या सदस्यावर पडतात आणि हा मार्ग फक्त प्रशासकाला खुला आहे की कोणत्याही वापरकर्त्याला, हे स्पष्ट लिहावे. रिपोर्टमधील मोजक्या ओळी द्याव्यात, सगळा लॉग चिकटवू नये. गिट ब्लेमने दोष आणणारा कमिट शोधून त्याच्या ओळखीची पहिली १२ अक्षरे आणि शीर्षक ‘फिक्सेस’ या ओळीत द्यावे, स्थिर शाखांच्या यादीला प्रत लावावी आणि स्वतःची साइन्ड-ऑफ ओळ घालावी. पाठवण्याआधी चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवावी आणि कोणाला पाठवायचे ते गेट-मेंटेनर या स्क्रिप्टला विचारावे. साधा वापरकर्ता गाठू शकेल असा दोष असेल तर जाहीर यादीवर टाकण्याऐवजी कर्नलच्या सुरक्षा चमूला आणि त्या भागाच्या मेंटेनरला खासगीत कळवावे. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक देतो आणि तो क्रमांक दुरुस्ती स्थिर शाखेत आल्यानंतर दिला जातो, त्यामुळे क्रमांकाच्या प्रतीक्षेत पॅच अडवून ठेवण्याचे कारण नाही.

जुन्या शाखांचा विचार करताना एक व्यावहारिक तडजोड करावी लागते. दोन पॅरामीटरांची स्ट्रएसकॉपी तिथे नसते, म्हणून स्थिर शाखांवर जाणाऱ्या पॅचमध्ये आकार स्पष्ट लिहिलेले तीन पॅरामीटरांचे रूपच वापरावे, ५.२ च्या आधीच्या, विक्रेत्यांनी सांभाळलेल्या कर्नलसाठी स्ट्रएसकॉपी-पॅडऐवजी आधी मेमसेट आणि मग स्ट्रएसकॉपी असा जोड द्यावा लागतो, आणि तो देताना या दोन कृतींच्या मध्ये लेबल क्षणभर रिकामे दिसू नये म्हणून लॉक आधीपासून धरलेला आहे ना, हे त्या त्या शाखेत नव्याने तपासावे लागते.